संगणकाचे कोअर व त्यांच्यावरील भार

संगणक हळू चालू लागला की 'मशीन जुने झाले, नवे घ्या' असा निकाल लगेच दिला जातो. अभ्यासिकेसाठी नवे मशीन घ्यायचे तर पैसा सभासदांच्या वर्गणीतूनच यायचा. म्हणून आहे त्या मशीनवर खरोखर किती भार पडतो, हे आपल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लहानसा प्रोग्राम लिहून तपासावे असे आम्हांस वाटते.

प्रोसेसर ही संगणकातील प्रत्यक्ष काम करणारी चिप. पूर्वी तिच्यात काम करणारा भाग एकच असे. आता चार, आठ किंवा अधिक असतात. त्यांना कोअर म्हणतात. पायथॉन भाषेत 'ओएस' मॉड्यूलमधील 'सीपीयू काउंट' हे फंक्शन त्यांची संख्या सांगते. मात्र उत्तर ८ आले म्हणजे कोअर आठच, असे समजू नये. इंटेलने २००२ साली हायपर-थ्रेडिंग आणले. त्यात एकच कोअर ऑपरेटिंग सिस्टीमला दोन प्रोसेसरांसारखा दिसतो. तेव्हा ८ म्हणजे प्रत्यक्षात ४ असू शकतात. लिनक्सवर 'प्रॉक' फोल्डरमधील 'सीपीयूइन्फो' फाईल उघडली, तर साधारणपणे 'सिब्लिंग्ज' व 'सीपीयू कोअर्स' हे दोन्ही आकडे वेगवेगळे वाचता येतात. जुने मशीन विकणारा 'आठ कोअर' म्हणाला, तर हे जरूर पाहावे.

आता भार. त्याच फोल्डरमधील 'स्टॅट' फाईलमध्ये मशीन सुरू झाल्यापासून किती वेळ कामात व किती मोकळा गेला, याची बेरीज असते. एकक बहुधा सेकंदाचा शंभरावा भाग. हे विजेच्या मीटरसारखे आहे. एका रीडिंगवरून काहीच कळत नाही. मागील व चालू रीडिंगमधील फरक घ्यावा लागतो. समजा चार प्रोसेसरांच्या मशीनवर एका सेकंदाच्या अंतराने दोन रीडिंग घेतली. एकूण वेळ ४०० ने वाढला, त्यात मोकळा वेळ ३०० ने. म्हणजे भार २५ टक्के.

विद्यार्थी फसतात ते इथेच. २५ टक्के म्हणजे मशीन निवांत आहे, असे वाटते. पण बँकेत चार काउंटर असावेत, तीन रिकामे आणि सारी रांग चौथ्यापुढे, तशीही ही स्थिती असू शकते! म्हणून 'सीपीयू ०', 'सीपीयू १' अशा प्रत्येकाच्या स्वतंत्र ओळी वाचाव्यात. एकच प्रोसेसर १०० टक्क्यांवर असेल, तर तो प्रोग्राम एका वेळी एकाच कोअरवर चालणारा असण्याची शक्यता मोठी. त्यासाठी अधिक कोअरांचे महाग मशीन घेऊन उपयोग नाही. काम विभागून प्रोग्राम पुन्हा लिहावा. सर्वच प्रोसेसर मोकळे असूनही मशीन रेंगाळत असेल, तर रॅम कमी आहे का, हार्ड डिस्क जुनी आहे का ते पाहावे. नव्या मशीनपेक्षा हे भाग बदलणे पुष्कळ स्वस्त पडते.

विंडोजवर 'गेट सिस्टीम टाइम्स' हे फंक्शन मोकळा, कर्नलचा व युजरचा असे तीन वेळ देते. कर्नलच्या वेळात मोकळा वेळ आधीच धरलेला असतो. एकूण काढताना तो पुन्हा मिळवू नये.

आणखी एक. दोन रीडिंगांच्या मध्ये प्रोग्रामला थांबण्याची सूचना, म्हणजे 'स्लीप', अवश्य द्यावी. ती नसेल तर लूप अखंड फिरत राहतो, एक कोअर स्वतःच अडवून बसतो, आणि आपण आपल्याच प्रोग्रामचा भार मोजत बसतो.