पोट न फाडता निघणारा कॅन्सर

हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावसारख्या गावात पोटाचा कॅन्सर म्हटलं की मोठं ऑपरेशन, केमो आणि विकायला काढलेली जमीन एवढंच डोळ्यांपुढे येतं. ही भीती उगाच नाही. पण ती उशिरा सापडलेल्या रोगाची आहे. उपचार किती मोठा लागेल हे कॅन्सर या नावापेक्षा तो जठराच्या भिंतीत किती खोल गेला आणि त्याचा स्वभाव कसा आहे, यावर ठरतं. जठराचा एक दुर्मीळ कॅन्सर हे फार स्पष्ट दाखवतो.

2010 साली उएयामा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी ‘फंडिक ग्लँड’ प्रकारचा कॅन्सर वेगळा ओळखला. जठराच्या वरच्या भागात पाचक रस तयार करणाऱ्या ग्रंथींपासून तो उद्भवतो. जठराच्या बहुतेक कॅन्सरच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. हा मात्र बहुधा जंतुसंसर्ग नसलेल्या जठरात सापडतो. गाठ लहान, फिकट, जराशी उंचावलेली, आणि बऱ्याचदा तिच्यावर निरोगी अस्तराचा पातळ पापुद्रा. त्यामुळे चिमट्याने वरवरचा तुकडा घेतला तर रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो. ती अस्तराखालच्या थरात लवकर शिरते, पण लसिका ग्रंथींपर्यंत क्वचितच पोचते. म्हणूनच अख्खं जठर न काढता ती तेवढीच काढणं बहुतेकदा पुरतं.

हे काम तोंडातून घातलेल्या दुर्बिणीतून होतं. त्याला ईएसडी म्हणतात. आधी गाठीभोवती विजेच्या सुरीने बारीक ठिपके डागतात. मग अस्तराखाली द्रव टोचतात. गाठ फुगून वर उचलली जाते आणि खालचा स्नायू सुरक्षित अंतरावर राहतो. ठिपक्यांच्या बाहेरून कापत, खालचा थर सोडवत गाठ अखंड काढतात. तो तुकडा फळीवर टाचण्यांनी ताणून बसवतात, त्याचे पातळ काप करून कडा आणि तळ तपासतात. कडेला किंवा तळाला कॅन्सरच्या पेशी दिसल्या किंवा रक्तवाहिनीत शिरलेल्या आढळल्या, तर पुढे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. रक्तस्राव आणि जठराला भोक पडणं हे धोके आहेतच, त्यामुळे हात सरावाचाच हवा.

कुणी म्हणेल, आपल्याकडे हा रोग विरळा. मग गावोगाव एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, कशाला? हे बरोबर आहे. महाराष्ट्रात जठराचा कॅन्सर जपानइतका नाही, सरसकट तपासणी परवडणारी नाही आणि गरजेचीही नाही. शिवाय ही गाठ सहसा त्रास देत नाही, दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत सापडते. अस्तरापुरत्या मर्यादित गाठीला 2019 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तर कॅन्सरही म्हटलेलं नाही. पण जठराचा नेहमीचा कॅन्सरही अस्तरात असतानाच सापडला, तर निवडक रुग्णांत याच पद्धतीने काढता येतो. ही संधी बऱ्याचदा ‘पित्त आहे’ म्हणत महिनोन्महिने घेतलेल्या गोळ्यांत निघून जाते. वजन घटणं, काळ्या रंगाचं शौच, गिळताना अडकणं, वारंवार उलटी, कारण न कळणारा अशक्तपणा यांपैकी काही असेल तर गोळ्या बदलत न बसता एंडोस्कोपी करून घ्यायला हवी. त्यासाठी थेट मुंबईचं टाटा हॉस्पिटल गाठायची गरज नाही. हिंगोली किंवा नांदेडला चौकशी करून सुरुवात होऊ शकते. ईएसडीसाठी मात्र पुढे मोठ्या केंद्रात जावं लागेल, आणि गाठ निघाल्यावरही ठरलेल्या मुदतीने दुर्बीण घालून जठर पुन्हा पाहून घ्यावं लागेल.