नव्या पेटींतील पाणी आणि मासे

गेल्या वर्षीं पावसाळा सरतांना आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत कांचेची एक मोठी पेटी आणली. तींत सुमारें ६० लिटर पाणी मावतें. आठव्या इयत्तेंतील मुलांनीं ती धुऊन पुसून लख्ख केली, तळाशीं धुतलेली वाळू पसरली, नळाचें स्वच्छ पाणी काठोकाठ भरलें, आणि एका विद्यार्थ्यानें आपल्या घरच्या हौदांतील बारा गप्पी मासे डब्यांतून आणून त्याच सायंकाळीं तींत सोडले. दुसऱ्या दिवशीं पहिल्या तासापूर्वीं जाऊन पाहतों तों नऊ मासे मरून पाण्यावर तरंगत होते. ज्यानें ते आणले होते तो मुलगा रडला नाहीं. त्यानें मला एवढेंच विचारलें, "सर, हें पाणी तर आपण पितों ना?"

त्या प्रश्नास मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. उत्तर पुस्तकांतून वाचलेलें होतें, पण कामाच्या वेळीं आठवलें नाहीं. मासे सोडण्याची परवानगी मींच दिली होती, तेव्हां दोषहि माझाच. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचें उशिरानें दिलेलें उत्तर होय.

आपल्या जालन्यास पाणी कोठून येतें हें घरोघरचीं मुलें जाणतात. निजामी अमदानींत बांधलेला घाणेवाडीचा तलाव, पैठणच्या नाथसागरांतून नळानें येणारें गोदावरीचें पाणी, खेड्यापाड्यांतून विहिरी व बोअर, आणि टंचाईच्या सालीं टँकर. इ. स. २०१२-१३ च्या दुष्काळांत टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेलीं कुटुंबें आपल्या पालकवर्गांत पुष्कळ आहेत. हें पाणी कोणत्याहि वाटेनें येवो, पटकी, विषमज्वर, अतिसार इत्यादि रोगांचे जंतु त्यांत राहूं नयेत म्हणून त्यांत क्लोरिन मिसळतात. शहरांत हें काम जलशुद्धीकरण केंद्रांत होतें. गांवीं ग्रामपंचायतीचा माणूस टाकींत टीसीएल पावडर कालवून ओततो. १००० लिटर पाण्यास ५ ग्रॅम पावडर असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. मग ओटी चाचणी घेतात. नळींतील पाण्यांत औषधाचे थेंब टाकले असतां तें पिवळें झालें म्हणजे क्लोरिन शिल्लक आहे असें समजावें. नळाच्या तोंडाशीं एका लिटरांत निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा असें भारतीय मानक सांगतें.

आतां हा ०.२ मिलिग्रॅम आपणांस कांहींच करीत नाहीं, आणि माशास मात्र मारतो, असें कां? आपण पाणी पितों तें पोटांत जातें. तेथें अन्नरसाशीं गांठ पडतांच तेवढासा क्लोरिन तत्काळ नाहींसा होतो. रक्तापर्यंत तो पोंचत नाहीं. मासा पाणी निराळ्या रीतीनें वापरतो. तो तें कल्ल्यांवरून सारखें वाहवीत असतो, कारण त्याचा श्वास त्यांतूनच चालतो. कल्ल्यांची त्वचा इतकी पातळ असते कीं, तिच्या एका अंगास पाणी व दुसऱ्या अंगास रक्त असें म्हटलें तरी चालेल. क्लोरिन ही त्वचा जाळतो. प्राणवायु पाण्यांत भरपूर असूनहि मासा गुदमरून मरतो. आपल्या फुप्फुसांत कोणी क्लोरिनचा वायु सोडला तर आपलीहि तीच गत होईल. पाणी पिणें आणि पाण्यांत श्वास घेणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत, हें त्या मुलाच्या प्रश्नाचें थोडक्यांत उत्तर.

यावर उपाय सोपा व बिनखर्चाचा आहे. रुंद तोंडाच्या भांड्यांत किंवा बादल्यांत पाणी उघडें ठेवावें, अधूनमधून ढवळावें, आणि निदान एक दिवस, शक्य तर दोन दिवस जाऊं द्यावे. क्लोरिन हवेंत निघून जातो. उन्हांत तें काम लवकर होतें. अरुंद तोंडाच्या घागरींत किंवा झांकण लावलेल्या टाकींत मात्र तो पुष्कळ वेळ रेंगाळतो. कित्येक परदेशी शहरांत क्लोरिनऐवजीं क्लोरामाइन वापरतात. तें असें उडून जात नाहीं. म्हणून परदेशांतील नातेवाइकांनीं सांगितलेली रीत येथें, किंवा येथील रीत तेथें, डोळे मिटून चालवूं नये.

ज्यांस घाई असेल त्यांच्यासाठीं सोडियम थायोसल्फेट आहे. हें नांव अवघड वाटलें तरी वस्तु जुनी आहे. फोटोग्राफर लोक काळोख्या खोलींत ज्यास 'हायपो' म्हणत तेंच हें. माशांच्या दुकानांत अँटीक्लोरिन म्हणून जी बाटली मिळते तींतहि बहुधा हेंच असतें. १ मिलिग्रॅम क्लोरिन मारण्यास सुमारें ७ मिलिग्रॅम हायपोचे खडे लागतात. आमच्या प्रयोगशाळेंत आम्ही १० ग्रॅम खडे विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण करून ठेवतों. त्याच्या एका थेंबांत सुमारें ५ मिलिग्रॅम हायपो येतो. लिटरास एक थेंब या हिशेबानें ६० लिटरांच्या पेटीस ६० थेंब, म्हणजे ३ मिलिलिटर, पुरतात, लिटरामागें ०.७ मिलिग्रॅमपर्यंत क्लोरिन त्यानें नाहींसा होतो. नववीच्या मुलांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. आधीं ओटी चाचणी घ्यावी, मग थेंब टाकावे, आणि पुन्हां चाचणी घ्यावी. पिवळा रंग उमटेनासा झाला कीं झालें. चाचणीचें औषध त्वचेस लागूं देऊं नये व पोटांत जाऊं देऊं नये. तें काम शिक्षकांसमोरच करावें.

बोअरच्या पाण्यांत क्लोरिन नसतो, म्हणून तें थेट ओतावें असें कित्येकांस वाटतें. तेंहि बरोबर नव्हे. जमिनीच्या पोटांतून नुकत्याच वर आलेल्या पाण्यांत प्राणवायु फार थोडा आणि कर्बवायु पुष्कळ असतो. तें उंचावरून ओतून, ढवळून, रात्रभर तसेंच ठेवावें. आपल्याकडील काळ्या पाषाणांतून येणारें पाणी जड असतें. डाळ त्यांत लवकर शिजत नाहीं हें आपल्या आयांस ठाऊक आहे. गप्पी माशांस असलें जड पाणी मानवतें. नाजूक परदेशी मासे, ज्यांचें मूळ घर अॅमेझॉनच्या मऊ पाण्यांत आहे, ते येथें आणून हाल करूं नयेत असें माझें मत आहे.

उष्णतेविषयींहि दोन शब्द. चैत्र-वैशाखांत गच्चीवरील काळ्या टाकींतील पाणी दुपारीं हात भाजेल इतकें तापतें. तें माशांवर ओतणें म्हणजे त्यांस शिजविणेंच होय. शिवाय पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांतील प्राणवायु कमी होतो. २० अंशांवर लिटरांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर ३० अंशांवर साडेसातच. म्हणून पेटी खिडकीच्या उन्हांत ठेवूं नये, आणि नवे मासे आणल्यावर त्यांची पिशवी पाऊण तास पेटींतील पाण्यावर तरंगत ठेवून, मग तींत थोडें थोडें पेटींतलें पाणी घालीत जावें.

इतकें सर्व शिकून आम्हीं पुन्हां पेटी भरली. मासे सोडले, ते जगले, सर्वांस आनंद झाला. परंतु दुसऱ्या आठवड्यांत ते पाण्याच्या वरच्या थरास येऊन तोंडें उघडूं मिटूं लागले, आणि दोन दगावले. पाणी तर स्फटिकासारखें निर्मळ दिसत होतें. यावेळीं अपराधी क्लोरिन नव्हता.

मासा जें खातो त्यांतील नत्राचा मोठा भाग तो अमोनियाच्या रूपानें कल्ल्यांतूनच बाहेर टाकतो. उरलेलें अन्न कुजूनहि अमोनियाच होतो. नदींत हा वाहून जातो. पेटींत कोठें जाणार? अमोनिया माशास विष आहे, आणि आपल्या पाण्यांत तें विष अधिक जहाल होतें. शेतकरी पालकांस मातीच्या तपासणीवरून 'सामू' हा शब्द परिचित आहे. पाण्याचा सामू ७ असतां, २५ अंश उष्णतेवर, एकूण अमोनियापैकीं शेंकडा एकाहूनहि कमी भाग विषारी रूपांत असतो. सामू ८ झाला कीं तोच भाग शेंकडा पांचांवर जातो. आपल्या जड पाण्याचा सामू बहुधा वरच्या बाजूसच असतो.

निसर्गानें यावर जो तोड काढला आहे तो मोठा कौतुकास्पद आहे. एका जातीचे सूक्ष्म जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात. हें नायट्राइटहि विषारीच. त्यानें माशाचें रक्त तपकिरी होऊन प्राणवायु वाहून नेईनासें होतें. मग दुसऱ्या जातीचे जंतु त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात, आणि हें मात्र पुष्कळ अंशीं निरुपद्रवी असतें. हें काम जंतूंचें आहे असें श्लोझिंग व म्यून्त्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं इ. स. १८७७ त सांडपाणी वाळूंतून झिरपवून दाखविलें, आणि विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानें पुढें १८९० च्या सुमारास ते जंतु वेगळे काढले. गंमत अशी कीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यालय १८५३ त उघडलेंहि होतें. लोक मासे पाळीत होते, वनस्पति लावीत होते, कोठें साधत होतें, कोठें फसत होतें. खरें कारण पुढें कळलें.

हे जंतु पाण्यांत नुसते पोहत नाहींत. वाळू, दगड, कांच, गाळणीचा स्पंज यांस चिकटून वस्ती करतात, आणि ती वस्ती भरण्यास साधारणपणें चार ते सहा आठवडे लागतात. आमची पेटी लख्ख धुतलेली व वाळूहि धुतलेली. तींत जंतूंची वस्तीच नव्हती. नवी पेटी स्वच्छ असते म्हणूनच ती धोक्याची असते, हें मुलांस पटविण्यास मला सर्वांत अधिक वेळ लागला.

तिसऱ्या खेपेस आम्हीं धीर धरला. एका परिचितांच्या घरीं दोन वर्षें चाललेली पेटी आहे; तिच्या तळची ओंजळभर न धुतलेली वाळू व गाळणीचा एक जुना स्पंज मागून आणला. पेटींत मासे न सोडतां रोज चिमूटभर माशांचें खाद्य टाकीत गेलों, म्हणजे तें कुजून जंतूंस अमोनिया मिळावा. हवेचा लहानसा पंप अहोरात्र चालूं ठेवला, कारण या जंतूंसहि प्राणवायु लागतो. मुलांनीं पाळीपाळीनें तपासणीचे थेंब टाकून वहींत नोंद केली. अमोनिया आधीं चढला, मग उतरला. नायट्राइट चढलें, मग तेंहि उतरलें. पांचव्या आठवड्याच्या अखेरीस दोन्हीं शून्यावर आलीं. तेव्हां प्रथम तीनच मासे सोडले, पंधरा दिवसांनीं आणखी तीन. ज्यांनीं आधींच मासे सोडले असतील त्यांनीं खाद्य अगदीं थोडें द्यावें, आणि रोज चौथा हिस्सा पाणी काढून तितकेंच तयार केलेलें पाणी घालावें. लिटरास १ ग्रॅम साधें खडेमीठ घातल्यास गप्पी माशांचा नायट्राइटपासून बराच बचाव होतो.

स्पंज मळला म्हणून तो नळाखालीं धुण्याचा मोह होतो. तसें केलें कीं नळाच्या क्लोरिननें जंतूंची वस्ती मरते आणि सारें पुन्हां पहिल्यापासून. पेटींतून काढलेल्या पाण्यांतच तो पिळावा. हें काढलेलें पाणीहि आपल्या जिल्ह्यांत मोरींत ओतणें शोभत नाहीं. त्यांतील नायट्रेट म्हणजे झाडांचें खतच. आमच्या कुंपणालगतच्या मोसंबीच्या रोपास तें आठवड्यास एक बादली मिळतें, आणि रोप टवटवीत आहे.

पालकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी एक गोष्ट उरली. कित्येक भागांत नळ रोज येत नाहीं, म्हणून घरोघर पाणी सांठवावें लागतें, आणि त्या सांठ्यांत डेंग्यूचे डांस अंडीं घालतात. अंड्यापासून डांस होण्यास आठदहा दिवस पुरतात. आठवड्यास एक कोरडा दिवस पाळून हौद घासावा हें खरें, पण टंचाईंत भरलेला हौद कोण उपसणार? म्हणून आरोग्य खातें गप्पी मासे देतें. ते डांसांच्या अळ्या खातात. परंतु त्याच हौदांत कोणी टीसीएल पावडर टाकली, किंवा नळाच्या ताज्या पाण्यानें तो एकदम भरला, तर मासे मरतात, आणि घरच्यांस वाटतें कीं मासेच कुचकामी. पिण्याचें पाणी निराळें झांकून ठेवावें व त्यांतच औषध घालावें. वापरण्याच्या हौदांत मासे ठेवावे, त्यांतील पाणी तळास थोडें शिल्लक असतांनाच नवें भरावें, आणि तेंहि एकदम न भरतां अर्धें आज व अर्धें उद्यां भरावें. हे मासे परदेशी असून झपाट्यानें वाढतात, म्हणून ते कुंडलिकेंत, तलावांत किंवा विहिरींत सोडूं नयेत. तेथील मूळच्या माशांस ते जड जातात.

पहिल्या खेपेस वांचलेले तीन मासे त्या मुलानें तेव्हां घरीं परत नेले होते. तिसऱ्या खेपेस तेच आणून त्यानें पेटींत सोडले. आज तींत लहानमोठे मिळून चाळिसांवर मासे आहेत, आणि जागा अपुरी पडूं लागली आहे. ज्यांस घरच्या हौदासाठीं मासे हवे असतील त्यांनीं आपल्या हौदांतील पाणी एका स्वच्छ बाटलींत भरून प्रयोगशाळेंत आणून द्यावें. तें तपासून, योग्य असल्यास, प्रत्येकीं चार मासे शनिवारीं शाळा सुटल्यावर देण्यांत येतील. डबा रुंद तोंडाचा आणावा.