परदेशी ‘फील्डवर्क’ला निघालेली आपली मुले : केनियाच्या उदाहरणावरून

बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांतून मुले अमेरिकेला, जर्मनीला, ऑस्ट्रेलियाला शिकायला जातात, यात आता नवल राहिलेले नाही. फी किती, शैक्षणिक कर्ज कुठून घ्यावे, व्हिसाच्या मुलाखतीत काय विचारतात, हे आपल्याला पाठ झाले आहे. पण हीच मुले विकासाचे अर्थशास्त्र, सार्वजनिक आरोग्य किंवा समाजकार्य हे विषय घेतात आणि एक दिवस जेवताना सांगतात, “मला दहा महिने केनियात फील्डवर्कला जायचंय,” तेव्हा घरात सगळे गप्प होतात. मुलगी असेल तर जास्तच. “एवढं शिकून आफ्रिकेतल्या खेड्यांत घरोघर हिंडायचं?” हा प्रश्न मी मंडळाच्याच सभासदांकडून ऐकला आहे.

नको म्हणण्याआधी हे काम काय असते ते समजून घ्यावे, आणि हो म्हणण्याआधी काही कागद तपासून घ्यावेत, एवढ्यासाठी हा लेख. उदाहरण केनियाचे घेतले आहे, कारण अशा संशोधनाचा तिथला इतिहास मोठा आहे. शिवाय बडोद्याला तो देश अगदीच परका नाही. गुजरातमधील असंख्य कुटुंबे तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि बँक ऑफ बडोदाने १९५३ सालीच मोम्बासाला शाखा उघडली होती.

फील्डवर्क म्हणजे काय?

सरकार किंवा एखादी संस्था लोकांसाठी योजना आखते. तिचा खरोखर उपयोग होतो का, हे कार्यालयात बसून कळत नाही. त्यासाठी घरोघर जाऊन ठरावीक प्रश्न विचारावे लागतात, मोजमाप घ्यावे लागते आणि काही महिन्यांनी पुन्हा जाऊन तेच करावे लागते.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे ‘इन्स्पेक्शन’. ग्रामीण शाखेत काम केलेल्यांना आठवत असेल, दुभत्या जनावरासाठी दिलेल्या कर्जाची पाहणी करायला गेले की कधीकधी शेजाऱ्याची म्हैस पुढे आणून उभी करत. कानातल्या विम्याच्या बिल्ल्याचा नंबर जुळवून पाहिल्याशिवाय खरे कळत नसे. संशोधनातही तसेच आहे. विचारणारा कोण आहे हे पाहून लोक उत्तर देतात. म्हणून प्रश्नावली आधी थोड्या घरांत करून पाहतात. तिचे स्थानिक भाषेत भाषांतर करतात आणि ते बरोबर आहे का हे तपासायला दुसऱ्याकडून उलट भाषांतर करून घेतात. मुलाखती झाल्यावर त्यातली काही घरे निवडून दुसरा माणूस पुन्हा जातो आणि मोजके प्रश्न परत विचारतो.

प्रत्यक्ष मुलाखती बहुधा त्याच भागातली, तिथली भाषा जाणणारी मुले-मुली घेतात. आपल्याकडून गेलेल्या संशोधन-सहायकाचे काम त्यांना प्रशिक्षण देणे, रोज आलेली माहिती तपासणे, हिशेब ठेवणे आणि चुका शोधणे हे असते. म्हणजे ‘एकटी खेड्यात हिंडणार’ हे चित्र बरेचसे चुकीचे आहे. ती एका गटाबरोबर असते आणि तो गट त्या गावाला ओळखत असतो.

बसियाच्या शाळांनी काय शिकवले

केनियाच्या पश्चिम टोकाला, युगांडाच्या सीमेवर, बसिया नावाचा भाग आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात तिथल्या शाळांमध्ये अभ्यास सुरू केले. पहिला प्रश्न साधा होता. मुलांना फुकट पाठ्यपुस्तके दिली तर गुण वाढतील का? आपण सगळेच ‘हो’ म्हणू. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काही शाळा निवडून पुस्तके दिली आणि बाकीच्या शाळांशी तुलना केली. सरासरी गुण वाढलेच नाहीत. फायदा झाला तो आधीपासून हुशार असलेल्या मुलांना. पुस्तके इंग्रजीत होती, आणि तिथल्या बहुतेक मुलांची इंग्रजी ही तिसरी भाषा. घरची भाषा वेगळी, त्यानंतर स्वाहिली आणि मग इंग्रजी.

१९९८ पासून ७५ शाळांमध्ये जंताच्या औषधाचा अभ्यास झाला. शाळांचे तीन गट करून त्यांना टप्प्याटप्प्याने औषध दिले. औषध मिळालेल्या शाळांत मुलांची गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्याने घटल्याचे क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी २००४ साली प्रसिद्ध केले. त्या आकड्यांची पुढे फेरतपासणी झाली आणि अभ्यासकांत जोरदार वादही झाले. पण शाळेतच औषध देण्याच्या कल्पनेला अशा अभ्यासांमुळे बळ मिळाले. आपल्या देशातही २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. तुमच्या नातवंडांनीही ती घेतली असेल.

क्रेमर, एस्थर डुफ्लो आणि अभिजित विनायक बॅनर्जी यांना २०१९चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच पद्धतीच्या कामासाठी. बॅनर्जींच्या आई निर्मला या माहेरच्या पाटणकर आणि स्वतः अर्थशास्त्राच्या प्राध्यापक, हे आपल्या वाचकांना सांगायला हवे. म्हणजे आपली मुलगी ज्या कामाला निघाली आहे ते हलके नाही.

परवानग्या : इथे शॉर्टकट नाही

केनियाने जानेवारी २०२४ पासून नेहमीचा व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवेश-परवानगी सुरू केली. ती सहज मिळते, म्हणून काहीजण ‘पर्यटक म्हणून जा, तिथे गेल्यावर बघू’ असा सल्ला देतात. तो मानू नये. तिथल्या २०१३च्या कायद्यानुसार संशोधन करायला ‘नाकोस्टी’ या राष्ट्रीय आयोगाचा परवाना लागतो. परदेशी माणसाला त्यासाठी केनियातल्या एखाद्या संस्थेशी संलग्न व्हावे लागते. माणसांवरचे संशोधन असेल तर नैतिकता समितीची मंजुरीही लागते. त्यानंतर ज्या काउंटीत काम करायचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, तिथल्या अधिकाऱ्यांना भेटून परवाना दाखवावा लागतो. शेवटी गावच्या प्रमुखाला भेटायचे असते. हे सगळे व्हायला वेळ लागतो. काम पगारी असेल तर मुक्कामासाठीचा पास वेगळा लागतो. बोलावणाऱ्या संस्थेने यातले काय केले आहे, हे लेखी मागावे. जी संस्था ‘काळजी करू नका’ एवढेच सांगते, तिच्याबाबत काळजी करावी.

या परवानग्या म्हणजे नुसती सरकारी कटकट नाही. बाहेरची माणसे यायची, माहिती घेऊन जायची आणि गावाला त्याचे पुढे काय झाले ते कधीच कळायचे नाही, असे आफ्रिकेत फार वर्षे चालले. म्हणून आता प्रत्येक घरी आधी संमती घ्यावी लागते. आम्ही कोण, कशासाठी विचारतो, किती वेळ लागेल, उत्तर द्यायचे नसेल तर नाही म्हणा, मध्येच थांबवा, त्याने तुमचा कोणताही लाभ बंद होणार नाही, हे त्यांच्या भाषेत सांगायचे. मिळालेली माहिती बँकेतल्या खात्यासारखी गुप्त ठेवायची. पोरगी जाण्याआधी तिला एवढे जरूर विचारा : निष्कर्ष त्या गावाला परत सांगणार का? अहवालावर तिथल्या सहकाऱ्यांची नावे असतील का? उत्तर ‘हो’ असेल तर संस्था जबाबदार आहे असे समजायला हरकत नाही.

प्रकृती आणि रस्ता

केनियाला जाणाऱ्या भारतीयाने पीतज्वराची लस घेणे आवश्यक आहे. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, आणि तिचे प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर चालते. हे पिवळे कार्ड पासपोर्टमध्येच ठेवावे. परतताना ते जवळ नसेल तर भारतीय विमानतळावर ६ दिवसांपर्यंत विलग कक्षात ठेवू शकतात.

पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात, मलेरिया भरपूर आहे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने जाण्यापूर्वीच सुरू कराव्या लागतात. परत आल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा ताप आला तर डॉक्टरांना ‘केनियाहून आले आहे’ हे आधी सांगावे.

घरचे लोक सिंह आणि साप यांना घाबरतात. पण खरा धोका रस्त्यावर असतो. तिथे भाड्याच्या मोटारसायकलीला ‘बोडा-बोडा’ म्हणतात. पूर्वी सायकलवाले बसियाच्या सीमेवरून प्रवासी नेत आणि ‘बॉर्डर, बॉर्डर’ ओरडत, त्यावरून हे नाव पडले. हेल्मेटशिवाय बसायचे नाही, अंधार पडल्यावर प्रवास करायचा नाही, हे दोन नियम मुलांकडून कबूल करून घ्या. आपली नेहमीची आरोग्य विमा पॉलिसी परदेशात सहसा लागू होत नाही. संस्थेने विमा काढला असेल तर त्यात मोटारसायकलवरचा अपघात वगळलेला आहे का, आणि रुग्णाला विमानाने मोठ्या शहरात हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, हे बारीक अक्षरात वाचा.

पैशाची बाजू

इथे मी थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, खर्च कोण करणार? अनेक ठिकाणी ‘आधी खर्च करा, मग बिले द्या’ अशी पद्धत असते. म्हणजे दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी लागतो. आगाऊ रक्कम मिळते का, ते विचारावे. बोडा-बोडावाला पावती देत नाही, म्हणून तारीख, अंतर, रक्कम आणि सही असलेली वही ठेवावी.

दुसरी गोष्ट, पालकांनी पाठवायचे पैसे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत त्यावर टीसीएस नाही. त्यापुढे कापला गेला तरी तो बुडत नाही, विवरणपत्रात वळता करून घेता येतो. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासाला साधारणपणे ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, पण एवढ्या नेऊच नयेत. थोड्या नोटा, एक फॉरेक्स कार्ड आणि वेगळ्या पाकिटात दुसरे कार्ड, एवढे पुरे.

तिसरी गोष्ट, तिथले व्यवहार. केनियात २००७ साली एम-पेसा सुरू झाले. साध्या फोनवरून पैसे पाठवायची ही सोय आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधीची आहे. भाजीवालीपासून घरमालकापर्यंत सगळे तीवर व्यवहार करतात. पासपोर्ट दाखवून तिथले सिम घेतले की खाते उघडता येते. ‘पेसा’ म्हणजे आपला पैसाच. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’, वाहनाला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’ म्हणतात आणि चपातीला चपातीच.

चौथी गोष्ट बहुतेकजण विसरतात. नोकरीसाठी किंवा परदेशी विद्यापीठात शिकायला भारताबाहेर राहायला गेलेली व्यक्ती परकीय चलन कायद्याने अनिवासी ठरते, आणि तिचे साधे बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते. इथल्या संस्थेत असताना थोड्या काळासाठी कामाला जाणाऱ्याचे तसे नसते. आपण कशात बसतो ते शाखेला लेखी विचारावे. बँकेत नोंदवलेला भारतीय मोबाइल नंबर रोमिंगवर चालू ठेवावा, नाहीतर ओटीपीवाचून खाते अडकते. जाण्याआधी वारसनोंद तपासावी. यात अशुभ काही नाही.

जाण्याआधी घरी ठेवायची फाइल

पासपोर्ट, प्रवेश-परवानगी, संशोधन परवाना, विमा पॉलिसी आणि पिवळे कार्ड यांच्या प्रती. तिथल्या वरिष्ठांचा आणि घरमालकाचा फोन. नैरोबीतील भारतीय उच्चायुक्तालयाचा आपत्कालीन नंबर. आणि आठवड्यातून कोणत्या दिवशी, किती वाजता फोन करायचा ते. केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. खेड्यात नेटवर्क नसले तर एक दिवस फोन येणार नाही, हेही आधीच ठरवून घ्यावे, म्हणजे दोन्हीकडची झोप शाबूत राहते.

सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन डॉ. आंबेडकरांना १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवले, हे आपण दर वर्षी व्यासपीठावरून सांगतो. ते सांगणाऱ्यांच्याच घरी मुलीची बॅग ‘आफ्रिका’ या एका शब्दावरून अडू नये. कागद अपुरे असतील तर मात्र जरूर अडवावी आणि पुरे करून घ्यावेत. रविवारी सकाळी मी मंडळाच्या वाचनालयात असतो. संस्थेचे पत्र आणि विम्याची पॉलिसी घेऊन आलात तर एकत्र बसून वाचू.