कॅसेटमधली चिप आणि आपली फुंकर

राजुरीत दिवाळीच्या सुट्टीत आम्हा मुलांत व्हिडिओ गेमच्या कॅसेटींची अदलाबदल रंगायची. एका ‘काँट्रा’पुढे दोन साध्या कॅसेटी. आत फीत नसे, चिप असे. खेळ तिच्यात कारखान्यातच कायमचा भरलेला, वीज गेली तरी टिकणारा. निन्टेंडोच्या १९८३च्या फॅमिकॉम या गेमयंत्राची रचना स्वस्त नकली यंत्रांनी उचलली होती, म्हणून एकाची कॅसेट दुसऱ्याकडे चाले. अदलाबदलीचं खरं बळ हेच!

चित्र बिघडलं की आम्ही फुंकर मारायचो. खेळ सुरू व्हायचा तो मात्र कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. धातूच्या पट्ट्या घासून संपर्क जुळायचा. फुंकरीतल्या ओलाव्यानं उलट पट्ट्या गंजतात. माळ्यावर जुनी कॅसेट सापडलीच, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पट्ट्या पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा.