भरती संपली, पळणं का थांबलं? घड्याळ-ॲपशिवाय धावण्यातली मजा

पहाटे साडेपाचला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोरं पळताना दिसली की बघणारा लगेच ओळखतो, भरती जवळ आली. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. ५० पैकी २० गुण त्या एका धावेचे. त्यामुळे रस्त्यावर चुन्याची रेघ, एकाच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच आणि सेकंदा-सेकंदाचा हिशेब.

निकाल लागला की हीच पोरं रस्त्यावरून गायब होतात. निवड झालेला ट्रेनिंगला जातो. राहिलेला म्हणतो, "आता कशाला पळू?" वय निघून गेलेल्याचे तर बूटच माळ्यावर जातात. तीन-चार वर्षं कमावलेला दम बघता बघता जातो.

यात पोरांचा आळस कमी आणि सवयीचा दोष जास्त आहे. धावायला सुरुवात केली की स्नायूंना लगेच जास्त ऑक्सिजन लागतो, पण हृदय आणि फुप्फुसं त्या वेगाला यायला काही मिनिटं घेतात. म्हणून सुरुवातीला धाप लागते, पाय जड वाटतात, सोडून द्यावंसं वाटतं. वेग बेताचा ठेवला तर सात-आठ, फार तर दहा मिनिटांनी श्वास लागी लागतो आणि पाय आपोआप पडायला लागतात. धावण्याची खरी गोडी तिथून पुढे आहे. आता भरतीवाल्याचं बघा. तो पहिल्या पावलापासून जीव खाऊन पळतो आणि पाच-सहा मिनिटांत रेघ ओलांडून गुडघ्यावर हात ठेवून उभा राहतो. शरीर नुकतं तयार होत असतं, तेव्हा त्याचं धावणं संपलेलं असतं. गोडी लागणार कुठून?

शहरात दुसरी गंमत. तिथे मनगटावरचं घड्याळ सांगतं, आज बरं धावलात की वाईट. आता ते वेड मोबाईलमधून गावातही आलंय, रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत म्हणून. हा आकडा कुठल्या डॉक्टरने तपासून ठरवलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव चाललं आणि आकडा जगभर पसरला. पुढच्या अभ्यासांत त्याहून बऱ्याच कमी पावलांतही तब्येतीला फायदा दिसला. शिवाय खिशातला फोन खडबडीत रस्त्यावर गाडीचे हादरेसुद्धा कधी कधी पावलं म्हणून धरतो. त्या आकड्यावरून मन खट्टू करून घेण्यात अर्थ नाही.

घड्याळ की मोकळं धावणं, हा वाद तसा जुनाच. १९२० च्या दशकात फिनलंडचा पावो नुर्मी हातात स्टॉपवॉच धरून शर्यती पळायचा आणि जिंकायचा. शेजारच्या स्वीडनमध्ये १९३० च्या दशकात गोस्टा होल्मेर या प्रशिक्षकाने वेगळी रीत काढली. मैदानाच्या फेऱ्या मारायच्या नाहीत, जंगलातल्या पायवाटेने पळायचं. अंगात येईल तेव्हा वेग वाढवायचा, दमलं की कमी करायचा. नाव ठेवलं 'फार्टलेक'. स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ वेगाचा खेळ. जंगलातल्या अशाच धावण्यातून पुढे आलेल्या गुंडर हेगने १९४५ मध्ये एक मैल ४ मिनिटं १.४ सेकंदांत पळून जागतिक विक्रम केला. तो १९५४ पर्यंत टिकला.

हा खेळ आपल्या पाणंदीवर आणखी सोपा आहे. आधी दहा मिनिटं रमतगमत पळा. मग समोरच्या विजेच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत जोरात, श्वास जागेवर येईपर्यंत हळू. नंतर बाभळीपर्यंत, नंतर ओढ्याच्या चढाला. आज पाय बोलत नसतील तर खांब सोडून द्या, कोणी गुण कापणार नाही. वेग नीट आहे का, हे कळायला सोबत्याशी बोलून बघावं. अख्खं वाक्य न अडखळता बोलता आलं तर वेग बरोबर. दोन शब्दांत धाप लागली तर कमी करा. मध्येच चालायला लाज कसली? भरतीच्या मैदानावर चालणं म्हणजे गुण गेले, पाणंदीवर तसं काही नाही.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा, कारण गाडीची सोय नव्हती. ती हौस नव्हती, गरज होती. पण पायांना पळणं माहीत झालं ते घड्याळ नसतानाच. पुढे सैन्यात गेल्यावर तो खेळाडू झाला आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्य जिंकलं. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या शंभरातल्या पाच भागांनी. त्या पातळीवर घड्याळ लागतंच. भरतीच्या तोंडावरही लागतं, आठवड्यातून एखादा दिवस वेळ लावून बघावी. बाकीचे दिवस मोकळे ठेवले तर पायही कमी दुखावतात.

पन्नाशीतल्या माणसाने, बीपी-शुगरवाल्याने आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावं आणि चालण्यापासून सुरुवात करावी. पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. अनवाणी पळायची हौस शुगरवाल्याने करू नये, पायाची जखम लवकर कळत नाही आणि लवकर भरतही नाही. बायका-मुलींना अंधारात एकटीने निघणं अवघड जातं. तिघी-चौघींनी मिळून उजाडल्यावर शाळेचं मैदान धरलं तर जमतं, साधी चप्पल सोडून पायात घट्ट बसणारे बूट असले म्हणजे झालं.

रस्त्याने पळणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळावं. कानात हेडफोन नको. सध्या कारखाना सुरू असेल तर उसाच्या ट्रॉल्या पहाटेच निघतात आणि कित्येकांना मागचा दिवा नसतो. तेवढे दिवस डांबरी सोडून कॅनॉलचा रस्ता बरा.