ठोकळ्यांच्या दुनियेतील मूकयुद्ध

लाडक्या कार्टून मालिकेवर बेतलेला व्हिडिओ गेम बहुधा चाहत्यांची निराशाच करतो. मार्च २०११ मध्ये आलेला 'लेगो स्टार वॉर्स ३ : द क्लोन वॉर्स' हा त्याला सन्माननीय अपवाद. ब्रिटनच्या ट्रॅव्हलर्स टेल्स कंपनीने तो घडविला, २००८ मध्ये सुरू झालेल्या मालिकेच्या पहिल्या दोन पर्वांवरून.

मूळ मालिका युद्धाची. तीत क्लोन सैनिक खरोखरच धारातीर्थी पडतात. मग ठोकळ्यांच्या बाहुल्यांनी या गांभीर्याची थट्टाच केली नाही का? केली, पण मोठ्या मायेने. येथे मृत्यू म्हणजे ठोकळे विखुरणे! चार बदाम संपले, की पात्राचे तुकडे होतात, गोळा केलेले काही 'स्टड' सांडतात आणि पुढच्याच क्षणी ते पुन्हा उभे ठाकते. कायमची हार नाहीच. त्यामुळे दुभागलेल्या पडद्यावर नवशिके पालक आणि सराईत मूल जोडीने खेळू शकतात. (अडखळतात ते बहुधा पालकच!)

पात्रे बोलत मात्र नाहीत. अनाकिन आणि त्याची शिष्या असोका यांच्यातील कुरबुरी मालिकेत संवादांतून रंगतात. येथे त्या हुंकार आणि हातवाऱ्यांवर निभावल्या आहेत. चाहत्याला प्रसंग ठाऊक असल्याने तो खळखळून हसतो, नवख्याला मात्र कथेचा पत्ताच लागत नाही. २०१२ च्या 'लेगो बॅटमॅन २'पासून ही पात्रे बोलू लागली. कथा सुबोध झाली, पण मूकाभिनयातील ती खट्याळ गंमत ओसरली, हेही खरेच.