गाडी खालून घासली, मग खिसा का फाटावा?

पावसाळी ट्रिपला गेलात, दगडावर नाहीतर स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासलं आणि सर्व्हिस सेंटरनं हातात पाच आकडी एस्टिमेट ठेवलं. सही करण्याआधी एकदा स्वतः गाडीखाली डोकावून बघा!

खर्रर्र... खट्!

हा आवाज ज्यानं स्टिअरिंगवर बसून ऐकलाय, त्यालाच कळेल काळजात काय होतं ते. आम्ही पाच जण पहिनेला निघालो होतो. नाशिककरांना वेगळं सांगायला नको, पाऊस सुरू झाला की सगळ्यांच्या गाड्या आपोआप त्र्यंबक रोडला लागतात. पार्किंगसाठी रस्ता सोडून जरा खाली उतरलो आणि गवतात लपलेल्या दगडानं गाडीचं पोट खरवडलं. नोकरी लागल्यावर घेतलेली पहिली गाडी. हप्ते चालू, वॉरंटी बाकी. धबधबा राहिला बाजूला, मी आपला गाडीखाली मोबाइलचा टॉर्च मारत बसलो.

दुसऱ्या दिवशी थेट सर्व्हिस सेंटर गाठलं. अर्ध्या तासानं अॅडव्हायझर आला. ‘सर, खालून बरंच लागलंय. रिस्क नका घेऊ.’ एस्टिमेट २८,४०० रुपयांचं! चेंबर बदलायचं, खालचं प्लास्टिक कव्हर बदलायचं, सायलेन्सरचा एक भाग बदलायचा, एक्सलचा बूट बदलायचा आणि वरून पूर्ण अंडरबॉडी कोटिंग. वर प्रेमळ सल्ला, ‘बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाईल हं.’

मी बाबांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, ‘सही केलीस? नाही ना? मग गाडी घेऊन ये.’

पोचा वेगळा, भोक वेगळं

बाबांच्या ओळखीचे एक मेकॅनिक आहेत. सातपूरच्या आयटीआयमधून शिकलेले, आता स्वतःचं गॅरेज. सगळे त्यांना मामाच म्हणतात. बोलेरो-स्कॉर्पिओ ज्या शहरात तयार झाल्या, तिथं असा एखादा मामा प्रत्येकाच्या ओळखीत असतोच! मामांनी गाडी रॅम्पवर चढवली आणि मला म्हणाले, ‘तिथं काय उभा राहिलास? ये खाली, बघ.’

गाडी घेऊन वर्ष झालं, पण तिचं पोट मी पहिल्यांदा बघत होतो.

मामांनी आधी चेंबर दाखवलं. इंजिनच्या तळाशी ऑइल साठवणारं भांडं म्हणजे चेंबर. त्यावर अंगठ्याएवढा पोचा होता. मामांनी फडक्यानं पुसलं, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं, परत पुसलं. फडकं कोरडं. ‘हा पोचा आहे, भोक नाही. खोल पोचा असता तर गोष्ट वेगळी. चेंबर आतल्या जाळीला टेकलं तर पंपाला ऑइल ओढता येत नाही. इथं तसं काही नाही.’ डिपस्टिक काढून ऑइलची लेव्हलही दाखवली. बरोबर होती.

प्लास्टिक कव्हरच्या क्लिपा निघाल्या होत्या, कव्हर धड होतं. सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा वाकला होता, त्याचाच खडखड आवाज येत होता. तो सरळ करून आवळला. कोटिंगचं काय? ‘कोटिंग गंज लागू नये म्हणून असतं. जिथं रंग उडालाय तेवढ्यावर मार. सगळ्या गाडीला कशाला?’

मग मामा चाकाच्या आतल्या बाजूला थांबले. रिमवर काळं ग्रीस उडालं होतं. एक्सलचं रबरी बूट फाटलं होतं. ‘हे मात्र त्यांनी बरोबर लिहिलंय. हे आजच्या आज बदल. आत माती-पाणी गेलं की जॉइंट खराब होणार, मग खर्च बघ.’

सगळं मिळून बिल झालं २,६०० रुपये.

म्हणजे एस्टिमेट अगदीच खोटं नव्हतं. पाच ओळींतली एक ओळ पूर्ण खरी होती, दोन अर्ध्या खऱ्या होत्या. आपल्याला ओळ आणि ओळ वेगळी करता येत नाही, म्हणून आपण एकतर सगळ्यावर सही करतो, नाहीतर ‘लुटारू आहेत’ म्हणून सगळंच सोडून देतो. दोन्हीत नुकसान आपलंच.

‘घाट उतरून बघू’ महागात पडलं

सगळंच सोडून दिलं की काय होतं, ते माझ्या मित्रानं अनुभवलंय. त्याचं चेंबर असंच घासलं होतं. पार्किंगमध्ये काळे थेंब दिसत होते, पण ‘थोडंच तर गळतंय’ म्हणून तो मुंबईला निघाला. इगतपुरीच्या आसपास ऑइलचा लाल दिवा लागला. ‘कसारा घाट उतरून बघू,’ म्हणाला. घाटातच इंजिन जाम झालं. इन्शुरन्सनं चेंबरचे पैसे दिले, इंजिनचे नाही. धक्क्यानं झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसतं. गळती दिसत असताना गाडी चालवून पुढे ओढवलेलं नुकसान सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची, बंद करायची आणि टो करायची. यात चर्चा नाही.

वॉरंटीचं भूत

‘बाहेर काम केलं की वॉरंटी गेली’ हे वाक्य ऐकून आपण लगेच गार पडतो. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं सुट्या भागांच्या प्रकरणात १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे कोर्टकचेऱ्यांत गेलं. पण त्या आदेशातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. बाहेरच्या गॅरेजमध्ये गेला म्हणून ग्राहकाची सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं बिघडलं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. म्हणून कोणी वॉरंटीची भीती घातली तर शांतपणे म्हणा, ‘बुकलेटमधला नियम दाखवा आणि लेखी द्या.’ तसंही दगडावर घासलेलं वॉरंटीत येतच नाही, ते इन्शुरन्सचं काम.

आणि इन्शुरन्सचाही हिशोब करा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये पहिले १,००० रुपये आपल्याच खिशातून जातात. शिवाय नो क्लेम बोनस शून्यावर येतो. दोन-तीन हजारांसाठी क्लेम बहुतेकदा परवडत नाही. इंजिन किंवा स्टिअरिंगपर्यंत मार लागला असेल तर मात्र गाडी उघडण्याआधीच कंपनीला कळवा.

गाडी घासली? मग हे करा

- रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी काळा-तपकिरी डाग म्हणजे ऑइल, हिरवा किंवा गुलाबी म्हणजे कूलंट. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, निश्चिंत राहा.
- ब्रेक मऊ लागतोय, पेट्रोलचा वास येतोय, गाडी एका बाजूला ओढतेय? यातलं काहीही असेल तर गाडी चालवू नका, टो करा.
- सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी लिफ्टवर असताना स्वतः बघायला मागा. फोटो काढा.
- एस्टिमेटच्या प्रत्येक ओळीला विचारा, ‘गळतंय, वाकलंय की नुसतं खरचटलंय? आज नाही केलं तर काय होईल?’
- बदललेले जुने पार्ट परत मागा. पक्कं बिल घ्या. बाहेरच्या गॅरेजमध्येही घ्याच.
- फसवणूक वाटली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.
- गाडी इलेक्ट्रिक असेल तर ओळखीचे मामा नकोत. पोटातच बॅटरी असते, ती कंपनीच्याच माणसाकडून तपासून घ्या.

पहिनेला परत गेलो तेव्हा गाडी वरच डांबरी रस्त्यावर लावली आणि खाली चालत गेलो. वाटेत एकानं गाडी खाली उतरवायला घेतली होती. मी हात करून थांबवलं, ‘दादा, गवतात दगड आहे. आधी उतरून बघा.’